वर्गात कलावंत पाहुणा नको

संगीत शिकवायला विद्यापीठाने कोणाला नेमावं, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पदव्या हव्यात, नेट हवी, पीएच.डी. हवी, नाहीतर कोणीही उठेल आणि प्राध्यापक होईल. दुसरा म्हणतो, ज्याला धड षड्ज लावता येत नाही त्याची पीएच.डी. घेऊन करायचं काय? भांडण जुनं आहे, आणि दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे : वाजवणारा माणूस वेगळा, अभ्यास करणारा, लिहिणारा, शिकवणारा माणूस वेगळा. एकाला घेतलं की दुसरा हातचा गेला.

मला हे गृहीतच खोटं वाटतं. ते खोटं का, हे दाखवायला जेरी ॲलनच्या आयुष्याइतकं भक्कम उदाहरण मला सापडलेलं नाही. ती अमेरिकी जॅझ पियानोवादक होती, रचनाकार होती आणि प्राध्यापक होती. साठावा वाढदिवस होऊन जेमतेम पंधरवडा उलटला असताना, २७ जून २०१७ रोजी, ती कर्करोगाने गेली. तेव्हा ती पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॅझ विभागाची संचालक होती. तिच्या कारकिर्दीकडे नीट पाहिलं तर वर्ग आणि मंच यांच्यामधली भिंत कुठेच लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे : कलावंताच्या वाजवण्याला विद्यापीठाने संशोधनाच्या बरोबरीचं काम मानावं आणि कलावंताला नेमायचं तर पूर्ण पगाराच्या, कायम जागेवर नेमावं. ठरावीक मुदतीपुरतं बोलावून, शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नये.

ॲलन मिशिगन राज्यातल्या पाँटिॲक गावी १९५७मध्ये जन्मली आणि डेट्रॉइटमध्ये वाढली. वडील शाळेचे मुख्याध्यापक. सातव्या वर्षी पियानो सुरू झाला. पुढे ती कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये गेली. ही सरकारी शाळा आहे, फी घेणारी खासगी संस्था नव्हे, आणि तिचा संगीत विभाग नावाजलेला होता. बास वाजवणारा रॉन कार्टर, ट्रम्पेट वाजवणारा डोनल्ड बर्ड हे याच शाळेतले. शाळेच्या वेळेबाहेर मार्कस बेलग्रेव्ह भेटला. रे चार्ल्सच्या वाद्यवृंदात वाजवून आलेला हा ट्रम्पेटवादक डेट्रॉइटमध्ये स्थायिक झाला आणि शहरातल्या पोरांना त्याने जॅझ शिकवलं. जेरी ॲलन, सॅक्सोफोनवादक केनी गॅरेट, व्हायोलिनवादक रेजिना कार्टर अशी एक अख्खी पिढी त्याच्या हाताखालून गेली.

मग वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या या विद्यापीठात जॅझची स्वतंत्र पदवी तेव्हा नवीनच होती. ती घेणाऱ्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ॲलन एक. साल १९७९. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये ती केनी बॅरनकडे शिकली. बॅरन स्वतः मोठा पियानोवादक, आणि त्याच काळात रटगर्स विद्यापीठात अध्यापक. तिथून ती पिट्सबर्गला आली ती नेथन डेव्हिसकडे. डेव्हिस सॅक्सोफोनवादक. पॅरिसमध्ये ड्रमवादक केनी क्लार्कसारख्यांबरोबर वर्षानुवर्षं वाजवून तो १९६९मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात जॅझचा अभ्यासक्रम उभा करायला आला होता. त्याच्या सांगण्यावरून ॲलनने एथ्नोम्युझिकॉलॉजीत एम.ए. केलं, म्हणजे संगीत आणि ते ज्या समाजातून येतं तो समाज, यांचा एकत्र अभ्यास. प्रबंधाचा विषय होता एरिक डॉल्फीचं संगीत.

या साखळीत प्रत्येक कडी वाजवणाऱ्या माणसाची आहे. बेलग्रेव्ह, बॅरन, डेव्हिस : तिघेही मंचावरचे, तिघेही शिक्षक. ॲलनला तिच्या आयुष्यात असा गुरू क्वचितच भेटला असेल ज्याने आधी वाजवणं सोडलं आणि मग शिकवायला घेतलं.

आता मुद्द्याचा गाभा. एम.ए.च्या अभ्यासाने तिच्या वाजवण्याचं काय केलं?

डॉल्फी हा १९६४मध्ये अवघ्या ३६व्या वर्षी गेलेला वादक. आल्टो सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट आणि बासरी तो सारख्याच अधिकाराने वाजवायचा. त्याच्या स्वरवाक्यांत मोठमोठ्या उड्या असतात. एका सप्तकातून निघालेलं वाक्य दुसऱ्याच सप्तकात जाऊन पडतं, आणि तरी त्याचं तर्कशास्त्र अभंग राहतं. ॲलनने हे कागदावर उतरवून, सुटं करून तपासलं. मग १९८४मध्ये तिचा पहिला ध्वनिमुद्रित संच आला, ‘द प्रिंटमेकर्स’. बासवर अँथनी कॉक्स, ड्रमवर अँड्र्यू सिरिल. त्यातली एक रचना डॉल्फीच्या नावाने आहे, ‘एरिक’. ती ऐकताना डॉल्फीची नक्कल कुठेही ऐकू येत नाही. प्रबंधात जे हाती लागलं ते पियानोच्या अंगाने पुन्हा बोलतं. त्याच संचातल्या ‘व्हेन कबुया डान्सेस’मध्ये डावा हात एक आवर्तन न थकता फिरवत राहतो आणि उजवा हात त्यावर वेगळ्याच मोजणीने चालतो. पश्चिम आफ्रिकेतल्या ढोलवादनात प्रत्येक ढोल आपापली आकृती वाजवतो आणि सगळ्या मिळून तिसरंच काही ऐकू येतं. ते तत्त्व तिने दोन हातांत आणलं.

दहा वर्षांनी, ‘ट्वेंटी वन’ या संचात, ‘ड्रमर्स साँग’ नावाच्या रचनेत हे तत्त्व पूर्ण पिकलेलं ऐकायला मिळतं. सोबतीला बासवर रॉन कार्टर आणि ड्रमवर टोनी विल्यम्स; ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या साठच्या दशकातल्या प्रसिद्ध पंचकाच्या पायातले दोघे. या दोघांसमोर कित्येक पियानोवादक आदबीने दबून वाजवतात. ॲलन दबत नाही. तिच्या पियानोत तिसरा ढोल आहे, आणि टोनी विल्यम्सला त्या ढोलाशी बोलावं लागतं. लयीची ही समज नुसत्या रियाजाने येत नाही आणि नुसत्या ग्रंथालयातही येत नाही. दोन्ही ठिकाणी राबलेल्या माणसालाच ती येते.

मग मला सांगा, तिचं संशोधन कुठलं? एम.ए.चा टंकलिखित प्रबंध, की ‘ड्रमर्स साँग’? प्रबंधात तिने दुसऱ्याच्या संगीताबद्दल काही सिद्ध केलं. रचनेत तिने संगीतात पूर्वी नसलेलं काहीतरी आणलं, ते जगासमोर ठेवलं, जाणकारांनी ते तपासलं, पुढच्या पिढीने त्यावर आपलं काम उभारलं. ज्ञानाची भर म्हणतात ती याहून वेगळी काय असते? प्रयोगशाळेतल्या माणसाला आपण निष्कर्ष विचारतो; त्याने दुसऱ्यांच्या प्रयोगांवर निबंध लिहिला नाही म्हणून त्याची बढती अडवत नाही.

‘कलावंत म्हणजे अभ्यासाचं वावडं असलेला माणूस’ या समजुतीला तिची पुढची वर्षंही जागा ठेवत नाहीत. ब्रुकलिनमध्ये ती स्टीव्ह कोलमन, ग्रेग ऑस्बी, कॅसँड्रा विल्सन यांच्या एम-बेस या गटात होती. त्याच काळाच्या आगेमागे ती सुप्रीम्स या गायिकांच्या गटातल्या मेरी विल्सनबरोबर पॉप संगीताच्या दौऱ्यावरही गेली. चार्ली हेडन आणि पॉल मोशन या तिच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या वादकांबरोबर तिची त्रयी जमली. गायिका बेटी कार्टरने तिची ‘फीड द फायर’ ही रचना घेऊन मैफली केल्या. आणि १९९६मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने तिला आपल्या संचात पियानोवर बसवलं. कोलमनने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून पियानो जवळपास बाजूलाच ठेवला होता, कारण पियानोच्या ठरलेल्या सुरावटींनी सुरांचं स्वातंत्र्य आखडतं अशी त्याची धारणा. त्याला साडेतीन दशकांनंतर पियानो परत हवासा वाटला तो ॲलनच्या हातचा. त्याच वर्षी डेन्मार्कचा जॅझपार पुरस्कार तिला मिळाला.

अशी बाई मिशिगन विद्यापीठात शिकवायला गेली आणि दहाएक वर्षं राहिली. आता त्या हमखास येणाऱ्या आक्षेपाकडे वळतो : नोकरी कलावंताला खाते. नोकरीत कलावंत सुस्तावल्याची उदाहरणं आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण ॲलनचा हिशोब पाहा. मिशिगनमध्ये असताना, २००६मध्ये, तिचं ‘फॉर द हीलिंग ऑफ द नेशन्स’ हे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ रचलेलं मोठं धार्मिक वळणाचं काम आलं. २००८मध्ये रचनेसाठी गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. तिच्या आधारावर सेसिल टेलर, मॅकॉय टायनर आणि हर्बी हॅनकॉक या तीन पियानोवादकांच्या वादनाचा विचार करणारी एकल पियानोची मालिका तिने रचली, ती २०१०मध्ये ‘फ्लाइंग टुवर्ड द साउंड’ म्हणून प्रसिद्ध झाली. पाठोपाठ टॅप नर्तकाच्या पायांना तालवाद्य मानून केलेला संच, मग नाताळगीतांचा, मग २०१३मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन संगीतावरचा. ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन आणि बासवादक एस्पेरांझा स्पॉल्डिंग यांच्याबरोबरची त्रयी वेगळीच. तीन मुलांची आई होती ती, हेही इथे सांगायला हवं, कारण त्यावरच पुढचा मुद्दा उभा आहे.

जॅझ वादकाचं पोट दौऱ्यांवर चालतं. युरोपातले उन्हाळी महोत्सव, दरम्यान क्लबमधले आठवडे, एखादं ध्वनिमुद्रण. आजारी पडलं की उत्पन्न थांबतं. आणि अमेरिकेत आरोग्यविमा बऱ्याच जणांना नोकरीतून मिळतो; ज्याला कायम नोकरी नाही त्याच्या घरात एक मोठं आजारपण म्हणजे दिवाळखोरीची वाट. म्हाताऱ्या, आजारी जॅझ वादकांसाठी मित्रांनी मदतनिधीच्या मैफली करायच्या, ही तिथली जुनी आणि लाजिरवाणी प्रथा आहे. प्राध्यापकाची जागा कलावंताला दर महिन्याचा पगार, विमा आणि मुलांच्या शाळेचं एक ठिकाण देते. यात कलेचा अपमान आहे असं म्हणणारे बहुधा स्वतः पगारदार असतात. उपाशी कलावंतच खरा कलावंत, ही कल्पना मला मनापासून संतापजनक वाटते. उपासमारीने चांगलं संगीत आल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही. चांगल्या वादकांचे हात लवकर थांबल्याचं मात्र जॅझच्या इतिहासात पानोपानी आहे.

यातली सर्वांत बोलकी कहाणी मेरी लू विल्यम्सची. ॲलन तिला आपली पूर्वज मानायची, आणि दोघींचा दुवा पिट्सबर्ग हे शहरच आहे. विल्यम्स १९१०मध्ये अटलांटात जन्मली, वाढली पिट्सबर्गच्या ईस्ट लिबर्टी भागात. विशी गाठण्याआधीच ती पोटासाठी दौऱ्यांवर होती. कॅन्सस सिटीत अँडी कर्कच्या वाद्यवृंदाची ती पियानोवादक आणि संगीत-संयोजक. बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठीही तिने लिहिलं. १९४५मध्ये तिने बारा राशींवर ‘झोडिॲक स्वीट’ रचला आणि वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये छोट्या वाद्यवृंदासह सादर केला. त्या काळात तिचं हार्लेममधलं राहतं घर हीच एक शाळा होती. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी रात्री काम संपवून तिथे यायचे, पियानोवर बसायचे, एकमेकांना दाखवायचे, वाद घालायचे. जॅझमधल्या बीबॉप नावाच्या क्रांतीचा एक मोठा भाग तिच्या बैठकीच्या खोलीत घडला. या अध्यापनाचा तिला कोणी छदामही दिला नाही.

पुढे १९५४मध्ये पॅरिसमध्ये तिने वाजवणंच थांबवलं. परत येऊन ती कॅथलिक झाली, व्यसनात बुडालेल्या वादकांना सावरण्यात पैसा आणि वर्षं घातली, मग हळूहळू संगीताकडे वळली, आणि तिने चर्चसाठी जॅझमध्ये मास, म्हणजे प्रार्थनाविधीचं संगीत, रचले. ड्यूक विद्यापीठाने तिला पगारी निवासी कलावंत म्हणून नेमलं ते १९७७मध्ये. वय ६७. शिकून मिळवलेली पदवी एकही नाही. चार वर्षांनी, १९८१मध्ये, ती ड्यूकच्या गावी, डरॅममध्येच वारली.

या चार वर्षांत तिने जॅझचा इतिहास शिकवला, वाद्यवृंद बसवला, मुलांना आध्यात्मिक गीतांपासून ब्लूज, स्विंग आणि बीबॉपपर्यंतची वाट स्वतः वाजवून दाखवली. त्या इतिहासातली बरीच माणसं तिच्या खोलीत बसून गेलेली होती. असा तास दुसरं कोण घेऊ शकलं असतं? ड्यूकने तिला घेतलं याबद्दल ड्यूकचं कौतुक करायला हवं, आणि मी करतो. पण सदुसष्टाव्या वर्षी? हीच नेमणूक १९४७मध्ये झाली असती तर? १९४७ हे साल मी मुद्दाम घेतो, कारण त्याच वर्षी टेक्ससमधल्या नॉर्थ टेक्सस इथे अमेरिकेतला पहिला जॅझचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याला ‘जॅझ’ म्हणायची सोय नव्हती. नाव होतं ‘डान्स बँड’. आणि टेक्ससच्या त्या सरकारी महाविद्यालयात तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. ज्यांचं संगीत, त्यांनाच दार बंद.

ते दार उघडलं ते साठच्या दशकाच्या शेवटी, आणि आपोआप नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या वर्षी, १९६८च्या आगेमागे, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विद्यापीठांत ठाण मांडलं, आपल्या इतिहासाचे विभाग मागितले, आपले शिक्षक मागितले. इंडियानात डेव्हिड बेकर, हॉवर्डमध्ये डोनल्ड बर्ड, पिट्सबर्गमध्ये नेथन डेव्हिस, मॅसॅच्युसेट्समध्ये मॅक्स रोच आणि आर्ची शेप हे वादक प्राध्यापक झाले ते या चळवळीच्या लाटेत. जेरी ॲलनला १९७९मध्ये जी पदवी मिळाली तिच्या मागे या विद्यार्थ्यांचे संप आहेत. विद्यापीठ कलावंताला उदारपणे जागा देतं, हा भ्रम कोणी बाळगू नये. मागितल्याशिवाय कोणी दिलेली नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि हा अधिक गंभीर आहे. जॅझ विद्यापीठात गेल्यापासून सगळे सारखे वाजवू लागले, असं जुने रसिक म्हणतात. जॅझच्या शाळांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या शेकडो वादकांच्या हातात अफाट तयारी असते, चार्ली पार्कर आणि जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकांच्या स्वरावली मुखोद्गत असतात, आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो. क्लब कमी होत गेले. रात्री अडीच वाजता कोणीतरी बुजुर्ग कोपऱ्यातून टोकतो ती शाळा संपली. आणि तिची जागा परीक्षेने घेतली. परीक्षेला मोजता येणाऱ्या गोष्टी लागतात. वेग मोजता येतो, सुरावटींची अचूकता मोजता येते. स्वतःचा आवाज मोजता येत नाही, म्हणून तो अभ्यासक्रमातून गळतो. शिवाय फी इतकी वाढली की डेट्रॉइटच्या पोराला परवडेना, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताचे वर्ग गोऱ्या मुलांनी भरले. मुली तर त्याहून कमी.

यातला प्रत्येक शब्द मला पटतो. पण निष्कर्ष पटत नाही. हा दोष वर्गाचा आहे की वर्गात कोणाला उभं केलं याचा? ज्या विद्यापीठांनी वादकाऐवजी वादकांची पुस्तकं आणली, पद्धतशीर धडे आणले, तिथे सारखेपणा आला. मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्सला १९५७ ते १९६० अशी चार वर्षं उन्हाळी जॅझ शाळा भरायची, पियानोवादक जॉन लुइसच्या नेतृत्वाखाली, आणि शिकवायला सगळे चालते-वाजते वादक. ऑर्नेट कोलमन १९५९मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून आला. क्लबांमध्ये ज्याला लोक मंचावरून उतरवत होते, त्याच्या वेगळेपणाची दखल त्या शाळेने घेतली, कारण निवड करणाऱ्यांचे कान वादकांचे होते; सगळ्या शिक्षकांना तो रुचला नाही, पण वाद तरी संगीतावर झाला, प्रमाणपत्रावर नाही.

ॲलनने स्वतः पिट्सबर्गमध्ये काय केलं ते बघावं. २०१३मध्ये नेथन डेव्हिसच्या निवृत्तीनंतर ती त्याच्या जागी आली, म्हणजे जिथे एम.ए. केलं तिथेच. आल्या आल्या तिने मेरी लू विल्यम्सवर परिषद घेतली. वेगवेगळ्या विद्यापीठांतले वादक जलद इंटरनेटच्या जोडणीवर एकाच वेळी एकत्र वाजवतील असे प्रयोग केले. दोन शहरांत बसून एका लयीत वाजवायचं तर सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा उशीरही घात करतो; तो उशीरच रचनेत कसा सामावून घ्यायचा, हा तांत्रिक आणि सांगीतिक असा दुहेरी प्रश्न आहे, आणि तो वादकालाच सुचतो. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात तिने फक्त मुलींसाठी जॅझचं निवासी शिबिर चालवलं. मुली कमी आहेत, ही तक्रार सगळेच करतात. तिने त्यावर उन्हाळे खर्च केले. आणि पिट्सबर्गला येण्याआधीच तिने ‘झोडिॲक स्वीट’ नव्याने वाजवून २००६मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलं होतं, ज्यामुळे साठ वर्षांपूर्वीचं ते काम पुन्हा तरुण वादकांच्या हातात आलं. हा ग्रंथालयाचा उद्योग की मंचाचा? मला तरी वेगळा काढता येत नाही.

आपल्याकडे वळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत संगीतासारख्या प्रयोगकलांसाठी सहायक प्राध्यापकपदाची एक पर्यायी वाट आहे : नामवंत गुरूकडची तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी, विषय समजावून सांगण्याची क्षमता. वाट चांगली आहे. पण तिथेही साधी पदवी आवश्यक ठरवलेली आहे. त्या नियमाने मेरी लू विल्यम्स बाहेरच राहिली असती. मग २०२२मध्ये आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणला. यात पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव हवा. गाजावाजा बराच झाला. पण मुदत तीन वर्षांची, फार तर एक वर्ष वाढीव. कमाल चार. शिवाय मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक अशा नेमणुका नाहीत, आणि अध्यापनात असलेल्यांना वा त्यातून निवृत्त झालेल्यांना ही वाट बंद. म्हणजे जी व्यक्ती शिकवायला शिकली आहे तिला नको, आणि जी येईल तिने शिकवायला शिकलं की निघायचं. हा पाहुणचार झाला. विभाग घडवायला, अभ्यासक्रम बदलायला, एका विद्यार्थ्याला प्रवेशापासून तयार होईपर्यंत सांभाळायला चार वर्षं पुरत नाहीत. नेथन डेव्हिसने पिट्सबर्गमध्ये चार दशकांहून अधिक काळ काढला, तेव्हा त्या विभागातून जेरी ॲलन निघाली आणि परत आली.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. डॉ. प्रभा अत्रे यांचं उदाहरण समोर आहे. किराणा घराण्याच्या पहिल्या फळीतल्या गायिका, बंदिशींच्या रचनाकार, आणि मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता सरगम. ख्यालात सरगमला स्वतंत्र कलात्मक स्थान आहे की ती नुसती कसरत आहे, हा वाद त्यांच्या स्वतःच्या गाण्यातून उभा राहिलेला होता. मैफलीत त्या सरगम गायच्या आणि प्रबंधात त्या सरगमचा अर्थ मांडायच्या. ॲलन आणि डॉल्फीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. पण आपल्या व्यवस्थेने प्रभाताईंचं मोजमाप प्रबंधावर केलं की त्यांच्या मारुबिहागावर? आजही नोकरीतल्या गायक-वादकाला बढतीसाठी शोधनिबंधांची यादी जोडावी लागते, आणि मग ज्यांना त्या वेळात नवा राग मांडता आला असता ते तालांच्या इतिहासावर कोणी न वाचणारे निबंध लिहीत बसतात. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत कायम नेमणुकीच्या वेळी रचना, ध्वनिमुद्रणं आणि मैफली हेच काम म्हणून बाहेरच्या जाणकारांकडे पाठवलं जातं. त्यात पक्षपात होऊ शकतो, होतोही. निबंधांच्या परीक्षणात होत नाही का?

जॅझशी आपला खराखुरा संबंधही आहे, आणि तो गोव्यातून येतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. त्या शिक्षणावर चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक मुंबईत आले, हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि हिंदी चित्रपटसंगीताचं वाद्यसंयोजन घडवलं. डेट्रॉइटमध्ये जे काम कॅस टेक्निकल शाळेने केलं ते गोव्यात गावोगावच्या चर्चने केलं : घरात पैसा असो-नसो, मुलाला वाचता येईल असं संगीत हातात दिलं. विद्यापीठ शेवटची कडी आहे. खालच्या कड्या तुटल्या तर वरती कितीही मोठा कलावंत बसवा, समोर विद्यार्थी कुठून येणार? म्हणून महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीतशिक्षकाचं पद भरलेलं असणं आणि विद्यापीठात कलावंताची कायम जागा असणं, या मागण्या मी एकत्रच मांडतो. डेट्रॉइटच्या सरकारी शाळांमधले संगीत विभाग पुढे पैशाअभावी खंगत गेले, तेव्हा त्याची झळ जॅझला लागलीच.

कायम जागा म्हणजे काय, हे ॲलनच्या मृत्यूनंतर पिट्सबर्गमध्ये दिसलं. ती गेली, पण जागा गेली नाही. १९६९मध्ये विद्यार्थ्यांच्या रेट्यातून निर्माण झालेलं ते पद विद्यापीठाने मोडीत काढलं नाही. २०१९मध्ये त्या विभागाच्या जॅझ अध्यासनावर निकोल मिचेल आली, शिकागोची बासरीवादक आणि रचनाकार. डेव्हिसनंतर ॲलन, ॲलननंतर मिचेल. सॅक्सोफोन, पियानो, बासरी. तिघांचं संगीत एकमेकांसारखं नाही. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत अशी किती पदं आज मंजूर आहेत, त्यातली किती रिकामी आहेत, आणि भरलेल्यांपैकी कितींवर तासिका तत्त्वावरची माणसं वर्षानुवर्षं राबत आहेत, हे विद्यापीठांच्या अधिसभेत विचारलं गेलं पाहिजे. विचारणारे सदस्य निवडून द्यायचं काम पदवीधर मतदार म्हणून आपलं आहे.